मुंबई कुणाच्या पाटीतून भरली?

मुंबईचा इतिहास लिहिणारे बहुतेक सगळे समुद्रावरून येतात. गलबतातून पोर्तुगीज उतरतो, त्याच्या मागून इंग्रज उतरतो, मग गव्हर्नर, मग शेठ, मग इंजिनियर. ते उतरले की शहर सुरू होतं. त्यांच्या आधी इथं जणू नुसती मासळी आणि ताडाची झाडं होती. मला शाळेत हा इतिहास असाच शिकवला. सात बेटं होती, ती जोडली, मुंबई झाली. कुणी जोडली? 'इंग्रजांनी' असं लिहिलं की पाचापैकी पाच मार्क. मी विचारतो, गव्हर्नर काय डोक्यावर पाटी घेऊन चिखलात उतरला होता?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझा आजा मंडणगड तालुक्यातला. बाणकोटहून आगबोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरला आणि गिरणीत रिंगखात्यात लागला. आजी कोळशाच्या वखारीत पाट्या वाहायची. बाप पण गिरणीतच. आम्ही नायगावच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. तेव्हा मला या शहराकडे बघायची जी जागा मिळाली ती खालची आहे. त्या जागेवरून छापील इतिहास वाचला तर त्यात भोकं दिसतात. त्या भोकांबद्दल मला लिहायचंय.

१

आधी जुनी गोष्ट. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी ही सात बेटं. मधून भरतीचं पाणी खेळायचं. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं वसईच्या तहात ही बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, तेव्हा बेटं आंदण गेली. ताबा मिळायला १६६५ साल उजाडलं. इंग्लंडच्या राजाला त्या आंदणाचं काय करावं कळेना, म्हणून १६६८ साली त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं दिली.

म्हणजे बघा, आधी तहात दिली, मग हुंड्यात दिली, मग भाड्यानं दिली. या तिन्ही व्यवहारांत बेटांवर राहणाऱ्या कोळ्याला, भंडाऱ्याला, आगऱ्याला, कुणब्याला, वेशीबाहेरच्या महाराला कुणी विचारलं नाही. जमीन आणि तिच्यावरची माणसं एकाच दस्तात गेली. आजही झोपडपट्टीची जमीन बिल्डरच्या नावे होते तेव्हा माणसं अशीच जमिनीबरोबर जातात. रीत जुनी आहे.

आणि पोर्तुगीजांच्या आधी इथं काहीच नव्हतं हेही खोटं. मुंबईच्या उत्तरेला सोपारा हे बंदर होतं. तिथं सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, तिथल्या स्तूपाचं उत्खननही त्याच वर्षी त्यांनीच केलं. साष्टी बेटाच्या डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथं भिक्खू हजार वर्षं नांदले. डोंगरात पावसाचं पाणी अडवून पाण्याच्या टाक्या खोदल्या, आणि आजही त्या टाक्यांत पाणी असतं. अंधेरीजवळ कोंडिविट्याची लेणी आहेत. या किनाऱ्यावर दगडात कोरलेला पहिला मजकूर हा बुद्धाच्या धम्माचा आहे. मुंबईची ओळख सांगताना लोक हे सोडून देतात आणि एकदम किल्ल्यापासून सुरुवात करतात. आपण सोडता कामा नये. १९५६ नंतर जो समाज पुन्हा त्या धम्मात गेला, त्याला या किनाऱ्यावर परकं म्हणायचं कुणाला कारण नाही.

२

आता भरावाकडे येऊ.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधे मोठं खिंडार होतं. तिथून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि मधला सगळा सखल भाग, म्हणजे आजचं भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा, दलदलीत बुडायचा. हे खिंडार बंद करायला गव्हर्नर हॉर्नबी यानं बांध घातला. १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. त्याला हॉर्नबी व्हेलार्ड म्हणतात. व्हेलार्ड हा पोर्तुगीज शब्दावरून आलेला, अर्थ कुंपण, बांध.

या बांधाची एक गोष्ट सगळेच सांगतात. बांध सारखा ढासळायचा. मग रामजी शिवजी नावाच्या प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली, तिनं सांगितलं मला समुद्रातून वर काढ, मूर्ती सापडल्या, आणि बांध उभा राहिला. महालक्ष्मीचं देऊळ त्यातूनच झालं म्हणतात. स्वप्न ज्याला पडलं त्याचं नाव राहिलं. हुकूम ज्यानं दिला त्याचं नाव राहिलं. ज्यानं ओहोटीच्या वेळेत धावतपळत दगड टाकले आणि भरती आली की पाण्यातून बाहेर पळाला, त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. बांध देवीनं उभा केला असं एकदा ठरलं की मजुराचा हिशेब करायलाच नको. ही बामणी युक्ती इतिहासात सगळीकडे सापडते.

खिंडार बंद झालं म्हणून जमीन वर आली असं नाही. पाणी थांबलं, दलदल राहिली. ती भरायला पुढं कित्येक वर्षं लागली. कशानं भरली? डोंगर फोडून आणलेल्या मुरुमानं, आणि शहराच्या झाडलोटीनं. होय, शहराचा केरकचरा नेऊन त्या सखल भागात टाकला. आंध्र-तेलंगणातून कामाठी मजूर आले, त्यांच्या वस्तीवरून कामाठीपुरा हे नाव पडलं. ज्यांनी शहर भरलं त्यांचं नाव शहरात एका जागी तरी उरलं, पण त्या नावाचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कामाठीपुरा म्हटलं की सभ्य माणूस मान वळवतो. मजुराचं नाव राहिलं ते शिवी म्हणून राहिलं.

पुढं बाकीचे पूल आणि रस्ते झाले. शीवचा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कुलाब्याचा १८३८ साली, माहीमचा १८४५ साली. माहीमच्या पुलाला लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. बाईंनी दिले, चांगलं केलं, लोक बोटी उलटून मरत होते ते वाचले. म्हणून त्यांच्या नावानं रस्ता आहे. माझी तक्रार बाईंबद्दल नाही. माझं म्हणणं एवढंच की पैसा देणाऱ्याचं नाव रस्त्याला आणि अंग देणाऱ्याचं नाव हजेरीपटालाही नाही, असं या शहराचं खातं आहे.

गावांची नावं मात्र खोटं बोलत नाहीत. उमरखाडी म्हणा, तिथं खाडी होती. पायधुनी म्हणा, तिथं खाडीचा चिखल तुडवून आलेला माणूस पाय धुवायचा. आज तिथं समुद्र कुठं आहे? ट्रामचे रूळसुद्धा उखडून गेले. पण नाव सांगतं की हे पाणी होतं.

३

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. ३४ किलोमीटर. १८५४ साली कावसजी दावरनं ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर गेली. त्या घाटात बोगदे खणताना पटकीनं, तापानं आणि सुरुंगानं हजारो मजूर मेले. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरनं किल्ल्याच्या भिंती पाडल्या. मग गोद्या. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, अलेक्झांड्रा डॉक १९१४. शेवटच्या गोदीची खोदलेली माती टाकून बॅलार्ड इस्टेट ही जमीन तयार झाली. तिच्यावर एका उंचीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या, परदेशी कंपन्यांची ऑफिसं आली. खाली आहे ती गोदीमजुरानं खणलेली माती.

हे सगळं व्हायला माणसं लागतात. ती आली कुठून? कोकणातून आणि घाटावरून आली. कोरडवाहू जमिनी, दुष्काळ आणि सावकार यांनी कुणब्याला हाकललं. महाराला हाकलायला तर गावच पुरेसं होतं. कंपनीच्या मुंबई लष्करात महार मोठ्या संख्येनं होते, भीमा कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत होते. पण १८९० नंतर लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध १८९४ साली अर्ज केला, उपयोग झाला नाही. लष्कराचं दार लागलं तेव्हा मुंबईचं दार उरलं. गोदी, रेल्वे, गिरणी, म्युनिसिपालिटी.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. शहरात जात नसते, असं आपले काही पुरोगामी मित्र सांगत आले. शहरात गेलं की माणूस कामगार होतो, जात गावी राहते. माझा आजा गिरणीत गेला तेव्हा जात त्याच्या आधी पोचली होती. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त. तिथं अस्पृश्याला घेत नसत. कारण काय? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. एकाच धोट्याला दोघांचं तोंड लागणार. महाराचं उष्टं सूत मराठ्याच्या तोंडी जाणार. म्हणून साचेखातं बंद. रिंगखात्यात मरा. पिण्याच्या पाण्याचा माठ वेगळा तो वेगळाच.

१९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी संपवाल्या पुढाऱ्यांना बजावलं की अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम मिळालं पाहिजे ही मागणी घ्या, नाहीतर माझ्या लोकांना संपात राहा असं मी सांगू शकत नाही. तेव्हा कुठं कुरकुरत ती मागणी १७ मागण्यांच्या यादीत आली. 'कामगार तितुका एक' म्हणणाऱ्यांना ही मागणी स्वतःहून सुचली नाही, हे लक्षात ठेवायला पाहिजे. पुढं १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगितलं तरच इतिहास पुरा होतो.

४

आता घरांकडे बघा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. शहर रिकामं झालं. सरकारला कळलं की मजूर मेला की गिरणी थांबते. मग १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. त्यानं दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईडनं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. या एकाच खात्याकडे दोन कामं होती. एक, बॅकबेचा समुद्र भरून श्रीमंतांसाठी जमीन करायची. दुसरं, मजुरांसाठी एकेका खोलीच्या चाळी बांधायच्या. एका हातानं मरीन लाईन्सचा समुद्र भरला, दुसऱ्या हातानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं काँक्रीटच्या चाळी घातल्या.

आकडे बघितले की न्याय कळतो. ५० हजार खोल्या बांधायचं ठरलं होतं. झाल्या २०७ चाळी, एका चाळीत ८० खोल्या. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्याच्या टोकाला. मी अशाच खोलीत आठ माणसांत अभ्यास केला. बॅकबेच्या भरावात घोटाळा झाला, के. एफ. नरिमन यांनी तो बाहेर काढला, ते इतिहासात आलं. चाळीतल्या खोल्या कमी का झाल्या हा प्रश्न इतिहासाला पडला नाही.

आणि चाळीतसुद्धा गाव वसलं. कुठल्या चाळीत बौद्ध, कुठल्यात मराठे, कुठल्यात चांभार, हे नायगावातलं शेंबडं पोर सांगायचं. नकाशावर ते दिसत नाही. चाळीचा नुसता नंबर सांगितला की समोरचा माणूस जात ओळखायचा. पोष्टाचा पत्ता हाच जातीचा दाखला.

या सगळ्याच्या खाली आणखी एक थर आहे. मैल्याचा. मुंबईच्या म्युनिसिपालिटीत 'हलालखोर कर' नावाचा कर होता. शहराची घाण उचलण्यासाठी घेतला जाणारा कर, उचलणाऱ्या माणसाच्या जातीच्या नावानं. ही माणसं काठेवाड-गुजरातमधून आली. पुढं आपली मराठवाड्यातली, घाटावरची माणसं त्या कामात गेली. कचरा वाहून न्यायला महालक्ष्मीपासून चेंबूरकडे कचऱ्याची आगगाडी होती. कुर्ला ते चेंबूर ही लाईन १९०६ साली त्यासाठीच टाकली. माणसांची गाडी तिच्यावर १९२४ साली सुरू झाली. आधी कचरा गेला, मागून माणूस गेला. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं. शहर आपली घाण पूर्वेला टाकत गेलं आणि शहरातून हाकललेली माणसं त्याच पूर्वेला टाकत गेलं. आणीबाणीत, १९७६ साली, ट्रॉम्बेची जनता कॉलनी मोडली. सुमारे ७० हजार माणसं उचलून चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. त्या माणसांनी पुन्हा माती आणली, राबिट आणलं, पाटीपाटीनं दलदल भरली आणि वर झोपडं बांधलं. हॉर्नबीला जाऊन दोनशे वर्षं होत आली होती. काम तेच, पाटी तीच. फरक एवढाच की हॉर्नबीनं भराव घातला त्याला शहराचा विकास म्हणतात आणि यांनी घातला त्याला अतिक्रमण म्हणतात.

५

बाबासाहेबांची मुंबई हा आणखी एक नकाशा आहे. तो सरकारी नकाशावर ठेवून बघा. लोअर परळच्या चाळीतलं पोर एल्फिन्स्टन हायस्कुलात गेलं. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीसेक वर्षं राहिलं. १९२४ साली दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. दादरला राजगृह बांधलं, पुस्तकांसाठी. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं, ते पुढं थेट फोर्टात गेलं. म्हणजे ज्या किल्ल्याच्या आत एकेकाळी गोरा आणि शेठ राहायचा, तिथं पोरं पदव्या घ्यायला जाऊ लागली. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग. गिरणगावातून फोर्टाकडे जाणारा हा रस्ता कुठल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं काढला नव्हता.

मुंबई कुणाची, हा वाद १९४८ ला पेटला तेव्हा बाबासाहेबांनी दार कमिशनपुढं निवेदन दिलं आणि मुंबई महाराष्ट्राचीच हे भूगोलानं आणि इतिहासानं मांडलं. व्यापार ज्याच्या हातात त्याचं शहर, हा युक्तिवाद त्यांनी मोडून काढला. पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीत होतं. फ्लोरा फाउंटनवर १९५५ च्या २१ नोव्हेंबरला गोळ्या झाडल्या गेल्या. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांनी लढा मैदानामैदानात नेला. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. मग मुंबई मराठी माणसाची झाली. चांगलं झालं. पण मराठी माणूस म्हणजे कोण, हे ठरवायची वेळ आली तेव्हा काय झालं?

१९७४ च्या ५ जानेवारीला वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दलित पँथरच्या सभेवर दगड आले. पोलिसांच्या लाठ्या आल्या. महिनोन्महिने वरळी आणि नायगाव धुमसत राहिलं. दगड मारणारा आणि मार खाणारा दोघंही मराठीच बोलत होते. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव हा पँथर गेला. पुढं भस्मे आयोग बसला. १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरला रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. दोनच वर्षं आधी, १९९५ साली, बॉम्बेचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं होतं. नाव आमच्या भाषेतलं मिळालं. गोळीही आमच्याच भाषेतल्या हुकुमानं मिळाली.

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण दिल्लीला झालं, पण अंत्यसंस्कार ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर झाले. तिथं स्तूप उभा राहिला, १९७१ साली खुला झाला. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात. शहरातली पांढरपेशी माणसं त्या दिवसांत नाक मुरडतात, गर्दी झाली, घाण झाली म्हणतात. त्यांना सांगायला पाहिजे की या चौपाटीवर सगळ्यात जास्त पुस्तकं याच दिवसांत विकली जातात. खेड्यातली म्हातारी पदरात शिदोरी बांधून येते, रांगेत रात्र काढते, आणि नातवासाठी पुस्तक घेऊन जाते. ती मुंबईत एक पैशाची जमीन मागत नाही. तरी त्या दोन दिवसांत शहराचं तोंड समुद्राकडे नसतं, तिच्याकडे असतं. शेजारच्या इंदू मिलच्या जागेसाठी लोकांना २०११ साली आत घुसावं लागलं, तेव्हा २०१५ साली स्मारकाची पायाभरणी झाली.

६

आता हिशेब. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर संपलाच नाही. माझा बाप कामावरून सुटला तो सुटलाच. गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी झाली. म्युनिसिपालिटी, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे करायचा नियम १९९१ चा. तो २००१ साली वाकवला आणि २००६ साली सुप्रीम कोर्टानं वाकवलेला तसाच ठेवला. कामगाराच्या वाट्याला चतकोर आलं. जिथं आज्याला साचेखात्यात शिरू दिलं नाही, तिथं आता काचेचे टॉवर आहेत. तिथं रखवालदार आम्हाला शिरू देत नाही. प्रगती झाली आहे, आता कुणी जात विचारत नाही, कार्ड विचारतात.

माझी आत्या गोवंडीला राहायची. झोपडीच्या पात्रतेसाठी तिला एका कचेरीत बोलावलं. कारकुनानं विचारलं, "बाई, १९९५ च्या आधी तुम्ही मुंबईत होता याचा पुरावा काय?" आत्या म्हणाली, "दादा, माझी आय कोळसा वाहून मेली, तवापासून हाय." कारकून म्हणाला, "तसं नाय चालत, कागद दाखवा." कागद पावसात गेला होता. तो पाऊस म्हणजे २००५ च्या २६ जुलैचा. सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. शहराला वाटलं समुद्र कायमचा हटला. पण पाणी आलं ते जुन्या वाटा शोधत आलं, जिथं भराव घातला होता तिथं आधी तुंबलं. मिठी नदी शहराला त्या दिवशी आठवली. आमच्या लोकांना ती रोज आठवते, कारण ते तिच्या काठावर झोपतात.

बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली झालं. २०२५ साली वरळीत पहिल्या काही शे कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मी विरोध करणारा नाही. एकशेसाठ फुटांत ज्यांनी पिढ्या काढल्या त्यांना स्वतःचा संडास मिळाला याचं मोल एअरकंडिशनमधल्या वास्तुप्रेमींना कळणार नाही. चाळ पडली म्हणून मी रडत नाही. मला भीती वेगळीच आहे. चाळ पडेल, तिचा नंबर जाईल, आणि त्या नंबराबरोबर १९२८ चं साचेखातं, १९७४ चा दगड, चाळीच्या मैदानातल्या सभा, सगळं राबिटात जाईल. ते राबिट कुठल्यातरी खाडीत भरावाला टाकतील. वर नवं नाव देतील, इंग्रजी.

सुप्रीम कोर्टानं २०१७ साली २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करायचा निकाल उचलून धरला. हा निकाल मिळवायला त्यांच्या संघटनेला वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कारण आधी हे सिद्ध करावं लागलं की हा माणूस म्युनिसिपालिटीचाच कामगार आहे. म्हणजे रोज पहाटे शहर झाडणाऱ्यालाही तू आमचा आहेस का, याचा कागद लागतो. आत्याला लागला तसाच.

म्हणून दोस्तांनो, माझं मागणं साधं आहे. आपल्या घरात जी म्हातारी माणसं उरली आहेत त्यांना विचारा. कुठल्या सालात आलात, कुठल्या धक्क्याला उतरलात, कुठल्या खात्यात होता, मुकादम कोण होता, पाणी कोण वाढायचं, किती पाट्या वाहिल्या, पाटीला किती पैसे होते. गावचं नाव, चाळीचा नंबर, खोलीचा नंबर लिहा. वहीत लिहा, मागच्या कोऱ्या कागदांवर लिहा, पण तारखेनिशी लिहा. कहाणी म्हणून रंगवू नका, हजेरीपट म्हणून लिहा. अशा शंभर वह्या झाल्या की मुंबईचा दुसरा नकाशा तयार होईल. उद्या कुणी कारकुनानं आपल्या पोराला विचारलं की तुम्ही या शहरात केव्हापासून, तर पोरानं ती वही टेबलावर ठेवावी आणि सांगावं: ज्या जमिनीवर तुमचं टेबल आहे ती भरली तेव्हापासून.